आठ टायरांची मांडणी

ट्रेलर म्हणजे नेमकं काय, इथपासूनच मिस्त्रींची बोंब होती. पण मुलीचा फोन आला तेव्हा ते "ट्रेलर ना? हो हो, करू की, त्यात काय!" असं म्हणून मोकळे झाले, आणि फोन ठेवल्यावर हळूच बायकोला म्हणाले, "ट्रेलर म्हणजे गं काय?"

"तिलाच विचारायचं होतंत," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"तिला वाटेल, बापाला एवढंही माहीत नाही."

"मग, आहे का माहीत?"

यावर मिस्त्रींनी कालचंच वर्तमानपत्र पुन्हा वाचायला घेतलं.

मिस्त्रींनी जन्मभर कपाटं केली. घरांतली, दुकानांतली, शाळांतली. हात असा की लाकडाला हेवा वाटावा. पण एक खोड होती. समोरचा काही सांगायला लागला की हे मान डोलवायचे. कळलं तरी डोलवायचे आणि ओ की ठो कळलं नसलं तरी डोलवायचे. 'मला कळलं नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडायचे म्हणजे दाढ उपटल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकासमोर असं म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या सुताराकडे जातं, असा त्यांचा पक्का समज. न कळलेलं मागाहून हातानं शोधून काढायचं, आणि बहुतेक वेळा ते सापडायचंही. त्यामुळे खोड मोडायचं काही कारणच पडलं नाही. मिस्त्रीणबाई म्हणायच्या, "नंदीबैल परवडला. तो विचारल्यावर तरी डोलतो. तुम्ही विचारायच्या आधीच!"

मुलगी लहानपणी एका जागी बसायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आता चांगली मोठी बाई झाली, लग्न झालं, दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली, तरी भिंगरीची भिंगरीच राहिली. सुट्टीच्या दिवशी ती शर्यतीची गाडी चालवायची. नवरा गॅरेजवाला, तो गाडीचं सगळं बघायचा. मिस्त्रींनी याला कधी विरोध केला नाही. त्यांना फक्त एक कोडं होतं. गोल गोल फिरून पुन्हा निघाल्या जागीच यायचं, तर मुळात निघायचं कशाला? मुलीनं दोन-तीनदा सगळं समजावून सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

तर भानगड अशी होती. भिंगरीनं आणि जावयानं शर्यतीची गाडी वाहून न्यायला एक बंद ट्रेलर जुन्यात घेतला होता. गाडीबरोबर शर्यतीचे आठ टायर न्यावे लागायचे. ते आत नुसते टाकलेले असायचे, आणि मागच्या खेपेला त्यातला एक सुटून गाडीच्या दारावर आपटला, दाराला हा एवढा पोचा. टायर ठेवायच्या तयार मांडण्या बाजारात मिळायच्या, पण त्यांची किंमत ऐकूनच जावई परत आला होता.

"बाबा, तुम्हीच करून द्या ना," भिंगरी म्हणाली होती. "मोठी शर्यत तोंडावर आलीये. पहिल्या पाचात आले ना, तर मोठा संघ मला घेणार आहे. त्यांची गाडी, त्यांची माणसं. पुढच्या वर्षी नाही घेणार ते, माझ्या वयाचं नवं माणूस घेतच नाहीत. ही एकच संधी आहे हो."

हे मात्र मिस्त्रींना स्वच्छ कळलं. मुलीच्या आवाजात असं काही होतं की ते रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या छताकडे बघून म्हणाले, "चांगलीच करतो मांडणी."

हत्यारांची पिशवी घेऊन मिस्त्री गॅरेजवर पोचले तेव्हा जावई ट्रेलरचं मागचं दार उघडत होता. दार कसलं, अख्खी भिंतच खाली आली आणि तिचाच उतार झाला. आत पांढरं प्लायवूड, वर दोन दिवे. ही तर चाकं लावलेली खोली! मिस्त्रींना हायसं वाटलं. खोली म्हटली की आपलं राज्य.

"गाडी आत गेली की दोन्ही बाजूंना हातभरसुद्धा जागा उरत नाही, मामा," जावई म्हणाला. "दार उघडतच नाही. ही खिडकीतून बाहेर येते."

दार असताना खिडकीतून? मिस्त्रींनी मान डोलवली.

जावई माणूस सोन्यासारखा, पण गाडीचा विषय निघाला की त्याची टकळी थांबायची नाही. मिस्त्रींनी जिथे माप घ्यायला सुरुवात केली ती जागा उताराच्या अगदी लगतची होती. स्वयंपाकघरात लागतं-सवरतं ते हाताशी हवं, तसे टायर दाराशी हवेत, साधा हिशेब.

"अहो, तिथं नको, मामा! मागं वजन झालं की ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो. पुढच्या भिंतीला घ्या, गाडीच्या नाकावर."

शेपूट? मिस्त्रींनी उताराखाली वाकून पाहिलं. शेपूट काही दिसलं नाही. ते मुकाट्यानं टेप घेऊन पुढच्या भिंतीशी गेले.

"फळ्या किती रुंद घेऊ म्हणता?"

"फळ्या कशाला? नुसते दोन पाइप, आडवे, समोरासमोर. टायर त्यांच्यामधे उभा बसतो. आपल्याच वजनानं बसतो, मामा. ढिम्म हलत नाही."

आता मात्र मिस्त्रींच्या डोक्यात खरोखरचा गोंधळ उडाला. फळी नसलेली मांडणी! म्हणजे तळ नसलेला डबा की हो. जन्मभर ज्या फळीवर पोट भरलं ती फळीच हा माणूस काढून घेत होता. ते दोन पाइपांच्या मधल्या रिकाम्या जागेचाच विचार करत उभे राहिले. तेवढ्यात मागं हवा भरायचा पंप सुरू झाला, धडधड धडधड. आणि जावई एकेक टायर पुढे ओढून, त्यावरच्या पिवळ्या खडूच्या खुणांवर बोट ठेवत, काहीबाही सांगू लागला. हा पुढचा, तो मागचा, हा इतका पळालाय, तो असा, हा मात्र तसा. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर फळी तरंगत होती.

"हं," ते म्हणत होते. "हं हं. बरोबर."

"कळलं ना, मामा?"

"अहो, न कळायला काय झालं!"

जावई निर्धास्त झाला आणि इंजिनाचा कुठलासा भाग आणायला परगावी निघून गेला. तो येणार होता तो थेट निघायच्या वेळीच.

मिस्त्रींनी काम धरलं आणि पहिल्याच फटक्याला तोंडावर आपटले. एक कपड्यांचं दुकान बंद पडलं होतं, तिथले हँगर अडकवायचे चकचकीत पाइप त्यांनी उचलून आणले होते. फुकटात. एकेकाळी त्यांनीच ते त्या दुकानात बसवले होते. त्यावर दोन टायर ठेवले आणि पाइपांनी चक्क पोट काढलं. मिस्त्रींनी आधी आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघितलं आणि मग पाइप गुपचूप उतरवले. टायर त्याच्या लोखंडी चाकासकट होता, आणि एकेक धान्याच्या पोत्यासारखा जड. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे कदाचित सांगितलंही असेल.

मग त्यांचा जुना दोस्त प्लंबर कामाला आला. कुठल्याशा इमारतीचे पाण्याचे नळ बदलले होते, त्यातले जाड पाइप त्याच्या अंगणात गंजत पडले होते. "ने रे बाबा, घरची बोलणी तरी वाचतील," प्लंबर म्हणाला. मिस्त्रींनी ते घासून, रंगवून घेतले. पाइप धरायला प्लायवूडचे उरलेसुरले तुकडे एकावर एक चिकटवून आधार केले. ट्रेलरची भिंत नुसतीच पातळ, तिच्यात स्क्रू धरेना. तेव्हा बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत प्लायवूडमागच्या लोखंडी पट्ट्या शोधल्या. पोकळ आवाज आला की पुढे, भरीव आला की पेन्सिलची खूण. इथे मिस्त्री पुन्हा मिस्त्री झाले. वर चार टायर, खाली चार, आणि पुढून आवळायला मालट्रकचे पट्टे.

मजबुती बघायला शेवटी ते स्वतःच वरच्या पाइपाला लोंबकळले, पाय दुमडून, डोळे मिटून. नेमक्या त्याच वेळी मिस्त्रीणबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या.

"या वयात माकडचाळे!"

"वजन बघतोय."

"ते मला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं."

मांडणी तसूभर हलली नाही. फळी नव्हती, तरीही हलली नाही. मिस्त्री दोन पावलं मागं जाऊन तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. आतून गुदगुल्या झाल्यासारखं त्यांना वाटत होतं. भिंगरीसाठी आजवर त्यांनी एक पाळणा केला होता, एक अभ्यासाचं टेबल केलं होतं. तिच्या या वेड्या उद्योगासाठी केलेली ही पहिलीच वस्तू.

आता राहिला शेवटचा हात. मिस्त्रींच्या कामाची एक रीत होती, आणि ती ते देवपूजेच्या वरताण पाळायचे. काम ताब्यात देण्याआधी ओलं फडकं घेऊन पेन्सिलची, खडूची प्रत्येक खूण पुसायची. खुणा कारागिराच्या, वस्तू गिऱ्हाइकाची. आपली आकडेमोड गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. खडूची रेघ राहिलेलं कपाट म्हणजे दोरे लोंबणारा सदरा. कितीतरी शिकाऊ पोरांनी या पायी त्यांची बोलणी खाल्ली होती.

त्यांनी भिंतीवरच्या खुणा पुसल्या, आधारांवरच्या पुसल्या, आणि टायर चढवायला घेतले, तर त्यांच्यावर ही पिवळी अक्षरं! आकडे, बाण, एकावर तर मोठी फुली. जावयाची आकडेमोड, दुसरं काय. बिचाऱ्याला पुसायला वेळ मिळाला नसेल. मिस्त्रींना त्याची दया आली. त्यांनी एकेक टायर मांडीवर घेऊन असा पुसला की पोर न्हाऊ घातल्यासारखा तो काळाभोर दिसायला लागला.

"ते काय पुसताय?" मिस्त्रीणबाईंनी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं. "त्यांनी काही लिहून ठेवलं असेल हो."

"सगळं सांगितलंय त्यांनी मला," मिस्त्री म्हणाले. आणि ते तसं खोटंही नव्हतं.

टायर वर चढवले. एक शेजारच्याला घासत होता, म्हणून काढून दुसरीकडे घातला. मग वरचा एक खाली घेतला, खालचा एक वर. शेवटी आठही जागच्या जागी असे बसले की मिस्त्रींनी स्वतःशीच मान डोलवली. या वेळी सगळं कळून डोलवली.

निघायच्या दिवशी पहाटे नुसती धांदल उडाली. जावई परगावाहून आला तोच गाडीखाली शिरला. ढकलाढकलीच्या जुन्या, झिजक्या चाकांवर गाडी ट्रेलरमधे घातली. ती आत गेल्यावर पुढच्या भिंतीशी मुंगीलाच जाता आलं असतं. जावयानं लांबूनच मांडणी पाहिली आणि ओरडला, "मामा, मानलं तुम्हाला!" भिंगरीनं तर बापाच्या गळ्यातच हात टाकले.

"बाबा, या वेळी तुम्ही चला. चलाच."

मिस्त्रीणबाईंचे गुडघे धरले होते, त्या घरीच राहिल्या. मिस्त्री मागच्या सीटवर बसले आणि वाटभर कान ट्रेलरकडे लावून होते. खाचखळगे आले, वळणं आली, पण मागून काही म्हणजे काही आवाज आला नाही. ट्रेलरनं शेपूट हलवलं की नाही ते त्यांना समजलं नाही, पण मांडणी गप्प होती. एवढं सुख त्यांना बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

शर्यतीच्या मैदानावर मात्र त्यांची मती गुंग झाली. कानठळ्या बसवणारा आवाज, जळक्या रबराचा वास, आणि जो तो धावतोय. एक माणूस पिवळं निशाण हलवत होता, दुसरा हिरवं, आणि दोघंही कुणाकडेच बघत नव्हते. एका गाडीचं अख्खं तोंड उतरवून ठेवलं होतं आणि चालवणारा शेजारी बसून केळं खात होता. "काका, इथं थांबा, पट्ट्याच्या अलीकडे," कुणीतरी त्यांना सांगितलं. जमिनीवर रंगवलेले पट्टे तिथे चार होते. मिस्त्री चारींच्या अलीकडे जाऊन उभे राहिले.

गाडी खाली उतरली. जावई टायर काढायला आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"मामा, टायरवरचा खडू?"

"पुसला!" मिस्त्री खूश होऊन म्हणाले. "सगळे स्वच्छ करूनच ठेवलेत."

जावई वळून पुन्हा टायरांकडे बघू लागला. शाबासकीऐवजी हे काय, ते मिस्त्रींना उमगेना. तेवढ्यात भिंगरी आली, अंगात शर्यतीचा जाड पोशाख, काखेत हेल्मेट. "काय रे, काय झालं?"

"फुलीचा कुठला ते कळत नाहीये," जावई म्हणाला.

भिंगरी एकदम थांबली.

मग मिस्त्रींना ते सगळं दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं. या वेळी पंप नव्हता आणि डोळ्यांसमोर फळीही नव्हती. मागच्या शर्यतीत गाडी कडेच्या दगडावर चढली होती आणि एक टायर आतून चिरला होता. बाहेरून काही दिसत नाही. हवासुद्धा धरतो. पण तापला आणि वळणावर भार आला की फुटणार. मैदानावरच्या टायरवाल्याला दाखवायचा म्हणून सोबत आणायचा होता, म्हणून त्यावर भली मोठी फुली. बाकीच्या खुणा जावई झिजेवरून पुन्हा ताडू शकत होता. फुली नाही.

"मी सांगितलं होतं, मामा," तो अगदी हळू म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि तेच मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. "फुलीचा वेगळा बांधा म्हटलं होतं. तुम्ही हं म्हणालात."

जावयानं आठही टायर उतरवून ओळीनं मांडले, वरचे वरच्या ओळीत, खालचे खालच्या. दाबून पाहिले, कान लावला, हात फिरवला. आठही सारखेच. टायरवाल्याकडे गाड्यांची रांग लागली होती. लागणारे चारच टायर म्हटले तरी चाकावरून उतरवायचे, आतून बघायचे, परत चढवायचे, तोवर शर्यत संपून लोक घरी गेले असते. दुसऱ्या कुणाची चाकं या गाडीला बसत नव्हती. झिजकी जुनी चाकं लावून मैदानात सोडत नव्हते. भोंगा वाजला, गाड्या रांगेत लावायची ती हाक होती.

भिंगरी बापाकडे वळली. "बाबा, तुम्हीच पुसलेत ना? तुम्हीच लावलेत. आठवा. फुली कुठल्यावर होती?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. मांडीवर टायर, हातात ओलं फडकं, पिवळी फुली विरघळत चाललेली. मग उठून तो मांडणीत ठेवला, खाली. खालच्या ओळीत, तिसरा. हो, तिसराच. त्यांचं बोट आपोआप उचललं गेलं. जन्मभर ते असंच उचललं गेलं होतं. जावयानं बोटाची दिशा पाहिली आणि तिसऱ्या टायरला हात घातलासुद्धा. भिंगरीनं हेल्मेट काखेतून काढलं.

आणि मग मिस्त्रींना आठवलं. घासत होता म्हणून एक काढला होता. तो कुठला? वरचा खाली घेतला होता, खालचा वर. ते फुलीचा आत ठेवायच्या आधी की नंतर? तिसरा तेव्हा तिसरा होता, की मग झाला?

"थांबा," ते म्हणाले.

दोघंही थांबले.

"मला... मला नक्की नाही माहीत."

"अंदाजे?" भिंगरी म्हणाली. "अंदाजे तर सांगता येईल?"

"अंदाजे तिसरा. पण अंदाजेच गं."

"मग झालं तर!" तिचे डोळे चमकत होते, एक कान रांगेकडे होता. "तुमचा अंदाज कधी चुकलाय का, बाबा? नुसत्या नजरेनं माप सांगता तुम्ही. लहानपणापासून बघतेय मी."

समोर मुलगी उभी होती, तिचं सगळं वर्ष उभं होतं, आणि ती त्यांच्या एका होकारासाठी थांबली होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. इतकं सोपं काम त्यांना आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

"चुकलाय," ते म्हणाले. "पुष्कळदा चुकलाय. मी सांगायचो नाही. गुपचूप फळी बदलायचो." आणि मग दाढ उपटून आल्यासारखं पुढचं आलं. "मला नाही माहीत, पोरी. कुठला ते मला माहीत नाही. मला त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं."

भिंगरीनं हातमोजे काढले, एकात एक घातले आणि हेल्मेटमधे टाकले. नवऱ्याला म्हणाली, "त्यांना सांगून ये. आपण नाही." आणि बापाकडे पाठ फिरवून गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

शर्यत तिच्याशिवाय सुरू झाली. गाड्या गरगर फिरत होत्या. मिस्त्री ट्रेलरच्या उतारावर बसले होते, आणि त्यांना आपण नेमकं काय केलं तेच समजत नव्हतं. पोरीला वाचवलं, की मातीत घातलं? तिसराच फुलीचा निघाला, तर नाहक तिचं वर्ष गेलं. आपलं बोट बरोबर होतं, ऐन वेळी आपणच कच खाल्ली. आणि तिसरा नसला तर? काय व्हावं अशी इच्छा धरावी, तेही त्यांना ठरवता येईना. असा माणूस देवाकडे काही मागायला गेला तर देवही बुचकळ्यात पडेल.

कुणीतरी जिंकलं. माणसं ओरडली. टायरवाला आता मोकळा झाला होता, तो आपलं यंत्र घेऊन आला.

"कुठल्यापासून?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्यापासून," भिंगरी म्हणाली. गाडीपलीकडून ती कधी जवळ आली होती ते मिस्त्रींना कळलंच नाही.

टायर चाकावरून सुटला. टायरवाल्यानं आत हात घातला, विजेरी फिरवली, पुन्हा हात फिरवला. "हा चकाचक आहे," तो म्हणाला. "नव्यासारखा."

मिस्त्रींनी उताराची कड घट्ट धरली. टायरवाला पुढचा घेत गेला, एकेक करत. खालच्या ओळीतले सगळे चांगले. वरचा पहिला चांगला. वरच्या दुसऱ्यात त्याचा हात अडखळला. त्यानं विजेरी भिंगरीच्या हातात दिली. तिनं वाकून पाहिलं, बोट आत घातलं, आणि ते पेरभर आत गेलं.

"हा मी पुढे उजवीकडे लावणार होतो," जावई म्हणाला. "सगळ्यांत चांगला हाच दिसत होता."

"पुढे उजवीकडे म्हणजे?" मिस्त्रींनी विचारलं.

"वळणावर गाडीचा सगळा भार येतो तिथे, मामा."

टायरवाल्यानं आपलं यंत्र उगाचच पुसायला घेतलं. भिंगरी येऊन बापाशेजारी उतारावर बसली. तिचं बोट टायरच्या आतल्या काजळीनं काळं झालं होतं.

"तुम्ही तिसराच म्हणाला असतात ना," ती म्हणाली, "तर मी निघाले असते, बाबा. विचारसुद्धा केला नसता."

"माहितीये."

"एकदाही मागं वळून बघितलं नसतं."

मिस्त्रींना बोलायचं होतं. वाचली म्हणून आनंद झालाय हे सांगायचं होतं, शर्यत गेली त्याची माफी मागायची होती, आणि यातलं आधी काय म्हणायचं असतं ते त्यांना उमजत नव्हतं. "आता मी काय बोलू, ते मला कळत नाही गं," ते म्हणाले.

भिंगरीचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला. "माझी शर्यत गेली हो, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. मिस्त्रींनी तिला जवळ घेतलं. तिचा जाड पोशाख उन्हानं तापला होता, आणि आत तिचा श्वास वर-खाली होत होता. तो चालू आहे एवढंच मोजत ते बसून राहिले.